पायदोर कुणी कापला

१

तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमचं नाव, हुद्दा, दारावरची पाटी, यातलं काहीच मी इथे छापत नाही. वाचताना ज्याची कानशिलं तापतील, त्याने ओळखावं.

चौकशी अहवालाचं दुसरं पान काढा. खालून चौथी ओळ. 'मयताने स्वतः बांधलेली गाठ सुटल्याने व सुरक्षापट्टा न वापरल्याने सदर अपघात घडला.' एका वाक्यात दोन थापा. पट्ट्याची थाप उघडी पाडायला मला अर्धं मिनिट लागलं. अजिनाथ वाघमोडेने पट्टा मागणारे तीन अर्ज दिले होते, तिन्हींवर तुमच्याच कचेरीचा पोच शिक्का आहे, आणि पट्टा आला नाही. गाठीच्या थापेला मात्र सतरा दिवस गेले.

शहराबाहेर तळ्याकाठी तुम्ही बाग केलीत आणि बागेत जहाज बांधलंत. जुन्या काळचं, तीन डोलकाठ्यांचं, चौकोनी शिडांचं. बूड काँक्रीटमध्ये रोवलेलं, म्हणजे ते जन्मात तरंगणार नाही. लोकांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायचे, एवढाच त्याचा उपयोग. ठेकेदाराच्या लेखी डोलकाठी म्हणजे विजेचा खांब. मग कुणीतरी सांगितलं, सांगोल्याकडचा एक धनगर आहे, नौदलाच्या शिडाच्या शिकाऊ जहाजावर एकोणीस वर्षं काढून आलाय. तो अजिनाथ. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारा.

त्याने ते खोटं जहाज खरं केलं. "डोलकाठी म्हंजे खांब न्हवं अण्णा," मला सांगायचा. "ती नुसती उभी ऱ्हात न्हाय. चारी अंगाच्या दोरांनी तिला उभी धरल्याली असती. एक ताण ढिला पडला की समदं आडवं."

डोलकाठीवर आडवे वासे असतात, वाशांना शिडं टांगलेली असतात. शीड गुंडाळायचं तर माणूस वर चढतो, वाशावर पोट टेकवतो आणि वाशाखाली झोळीसारख्या लोंबणाऱ्या दोरावर पाय ठेवून कडेकडेने सरकतो. त्या दोराला अजिनाथ पायदोर म्हणायचा. मधल्या डोलकाठीवरचा पायदोर उद्घाटनानंतर दोनच दिवसांनी, गुरुवारी सकाळी नऊ वाजता, त्याच्या पायाखाली मधोमध सुटला. चाळीस फूट उंची. खाली काँक्रीट.

तेराव्यानंतर केराबाई माझ्या दारात आल्या. अजिनाथची बायको. हातात त्याच्या हत्यारांची पिशवी आणि तुमच्या अहवालाची नक्कल.

"अण्णा, मरण आलं त्ये मी सोशीन. पर ह्यांची गाठ सुटली म्हणून लिवलंय, त्ये न्हाय सोसायची. एकोणीस वरसं ह्यांच्या हातच्या दोरावर दुसऱ्यांची पोरं चढली. ती कागदावरची वळ खोडून आणा."

"मी कोण वहिनी? बंद पडलेल्या मिलचा जॉबर."

"मागावर सूत तुटलं तर कुणाच्या हातनं तुटलं त्ये तुमी वळखायचा की. मग ह्ये बी वळखा."

त्यांनी पिशवी जमिनीवर उलटी केली. पक्कड, लाकडी मोगरी, दाभण, सुतळीचा गुंडा. आणि हातभर लांबीचा दोराचा तुकडा. अपघातानंतर लोंबणारा दोर तोडून उतरवला, त्यातला हा तुकडा पहारेकऱ्याने उचलून त्याचंच सामान म्हणून पिशवीत कोंबलेला.

मी तुकडा उचलला, काळं टोक उजेडाकडे धरलं आणि दारात येऊन परत एकदा पाहिलं.

२

ते टोक कापलेलं होतं.

अजिनाथच्या दोराचं टोक मी शेकडो वेळा पाहिलंय. सुतळीचे घट्ट वेढे, वर डांबर, पीळ जागचा हलायचा नाही. ह्या टोकाला वेढा नव्हता. लहान पात्याने चार-पाच वेळा चावून तोडावं तशा पायऱ्या पडल्या होत्या. टोकापासून अंगठाभर अंतरावर दोराला आकड्यासारखा बाक बसलेला. बाकावर काळा रंग, पण आतल्या वळशात रंग पोचलेला नव्हता. तिथे दुसरा दोर घट्ट बसला होता, याची ती कोरी खूण. नाकाला लावून पाहिलं. अजिनाथ सगळ्याला डांबर फासायचा. हा वास ऑइलपेंटचा होता.

म्हणजे कुणीतरी पायदोर कापला, नंतर गाठ मारून जोडला आणि जोड दिसू नये म्हणून वरून काळा रंग फासला.

अजिनाथ पायदोराला गाठ मारत नव्हता. "गाठ मारली की दोर निम्मा मेला," हे त्याचं वाक्य. तो दोराचे पीळ उकलून पदरात पदर विणायचा. मग ही गाठ कुठली? बाक उलटा-सुलटा करून पाहिला आणि ओळखीची खूण पटली. तुटलेलं सूत जोडायची आमची मागाची गाठ! जोडली की गाठीबाहेर उरलेल्या शेपट्या मुळापासून कापायच्या, नाहीतर सूत फणीतून जाताना अडकतं. इथेही शेपटी अंगठाभरच.

पण सोलापुरात ही गाठ कुणाला येत नाही? संशयितांच्या यादीत पहिलं नाव मला माझंच लिहावं लागलं असतं.

अजिनाथची मुलगी वैष्णवी बारावीत आहे. तिने मोबाइल पुढे केला. रविवारचा फोटो: अजिनाथ पायदोरावर उभा, दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मग गुरुवारचा, बागेत फिरायला आलेल्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ. तो सुरू करून ती स्वयंपाकघरात निघून गेली. अजिनाथ वाशापाशी पोचतो, एक पाय पायदोरावर ठेवून तीनदा दाबतो. दोर धरतो. मग तो सरकू लागतो. मी पावलं मोजली. सातव्या पावलाला दोर सुटला.

म्हणजे रविवार ते गुरुवारच्या मधलं हे काम. सोमवार ते बुधवार अजिनाथ जहाजावर नव्हताच. उद्घाटनाचा बंदोबस्त होता, पासाशिवाय आत प्रवेश नव्हता आणि ज्याने डोलकाठ्या उभ्या केल्या त्याला पास नव्हता. पहारेकरी म्हणाला, त्या तीन दिवसांत मधल्या डोलकाठीवर तिघेच चढले: दिव्यांच्या माळा लावणारा भारत, शिडं शिवणारा ईरप्पा आणि ठेकेदाराचा सुपरवायझर शिवराज.

वैष्णवीने दारातून विचारलं, "काका, तिघांपैकी एकाने मुद्दाम केलं असेल?"

मी तिच्या हातात मोबाइल परत दिला. तिघांपैकी एकाने उद्घाटनाच्या आठच दिवस आधी अजिनाथशी हातघाईवर येऊन भांडण केलं होतं आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

३

आधी भारत. वैरागचा गडी, दुकान रेल्वे लाइन्सकडे. मी अहवालाचे कागद सुताने बांधून नेले होते. सूत आधीच नखाने अर्धवट झिजवून ठेवलेलं.

"चढलो की. सोमवारी," तो बल्ब तपासत म्हणाला.

"पायदोर होता?"

"हुता तर! मग काय हवंत उभा ऱ्हायलो?"

"आणि मंगळवारी?"

बल्ब पेटला, विझला. "मंगळवारी सकाळी माळ सरकवा म्हणले. वर गेलो तर पाय ठिवायला कायच न्हाय. सरड्यावानी वाशाला मिठी मारून सरकलो. लई शिव्या घातल्या."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? तीन तासांवर उद्घाटन. जो तो पळतोय. मला वाटलं अजिनाथमामांनीच काढला आसंल."

"वाशावर काय टांगलं होतं त्या दिवशी?"

"फ्लेक्स. वीस बाय तीस. नुसता चेहरा."

"कुणाचा?"

"अण्णा," भारत हात जोडून म्हणाला, "मला ह्याच गावात दिवे लावायचेत."

मी कागद उचलले. सूत तुटलं, कागद पसरले. भारतने ते गोळा केले, सुताची दोन टोकं तारेसारखी एकमेकांवर पिळली आणि वर चिकटपट्टी मारली. वायरमनचा हात. अशा हाताने ती गाठ मारली नव्हती.

मी दारातून बाहेर पडताना तो हळूच म्हणाला, "सोमवारी संध्याकाळी फ्लेक्स लावून बघितला हुता. वारा सुटला की फ्लेक्स मागं जायचा अन् पायदोर पुढं यायचा. बरोबर नाकाखाली काळी रेघ. मिशीवर मिशी! आमी खालनं पोट धरून हसलो. एकजण तेवढा हसला न्हाय."

"कोण?"

"पाठमोरा हुता. शिडाच्या सावलीत. कानाला फोन लावल्याला."

४

शिडाच्या सावलीत कोण असणार? ईरप्पा. अक्कलकोटकडचा हातमागवाला, घरात कन्नड बोलणारा. अजिनाथने त्याची शिवण दोनदा सगळ्यांदेखत उसवून टाकली होती. दुसऱ्या वेळी ईरप्पाने त्याची गचांडी धरली. तेच मी पाहिलेलं भांडण.

मी गेलो तेव्हा तो मागावर बसला होता. बोटं काळी.

"कशाने काळी झाली?"

"डांबर. त्याचंच राहिलेलं. जात नाही."

मी दोराचा तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने पाहिला, बाकावरून अंगठा फिरवला आणि माग थांबवला.

"ईरप्पा, ही गाठ तू मारलीस?"

"इल्ला अण्णा. नाही."

"सोमवारी फोनवर कुणाशी बोलत होतास?"

"माझ्याकडे फोन कुठाय? पोरीकडे असतो."

कागदांचं सूत तिथेही तुटलं. ईरप्पाने दोन टोकं घेतली, बोटं एकदाच फिरली, गाठ तयार. तीच. मी ती उजेडाकडे धरली. मग दिसलं की गाठीच्या दोन्ही शेपट्या बोटभर लोंबतायत.

"कापत नाहीस?"

"जन्मभर कापल्या. अजिनाथने सवय मोडली. शिडाच्या दोऱ्याची शेपटी कापली की हातावर मोगरी मारायचा. ते भांडण त्याचंच होतं. म्हणायचा, मागावरचं सूत दिवसभर ताणलेलं असतं, म्हणून आखूड शेपटीसुद्धा जागची हलत नाही. शीड ताणतं, सुटतं, परत ताणतं. दर वेळी शेपटी भातभर आत सरकते."

"भातभर?"

"भाताच्या शितभर."

आम्ही त्याच्या अंगणात दोन कडुलिंबांच्या मध्ये तसाच दोर बांधला, जमिनीपासून हातभर उंच. मध्ये जोड. पहिल्यांदा लांब शेपट्यांची मागाची गाठ. ईरप्पा बांबूला धरून वीस फेऱ्या चालला, गाठ शाबूत. मग तीच गाठ, पण शेपट्या अंगठाभर ठेवून कापलेल्या. त्याने पाय ठेवून तीनदा दाबलं. धरलं. चालायला लागला. पाऊल टेकलं की दोर ताणायचा, उचललं की सैल. आठव्या पावलाला ईरप्पा मातीत बसला.

त्याची बायको मायाक्का ओसरीवरून हसायला लागली, मग आमचे चेहरे बघून गप्प झाली.

ईरप्पा उठला नाही. "त्याने दाबून बघितला असेल ना अण्णा?"

"तीनदा."

आता मला माहीत होतं, कसला हात शोधायचाय. मागावर शिकलेला, पण शेपटी ठेवायला न शिकलेला. अडचण एकच. उरलेला तिसरा माणूस करकंबचा होता, उसाच्या घरातला. मागाशी त्याचा संबंधच नव्हता.

५

"या ना काका. चहा सांगू?"

शिवराजचं ऑफिस म्हणजे बागेच्या फाटकाजवळचा पत्र्याचा कंटेनर. वय अठ्ठावीस. इस्त्रीचा शर्ट. मागे रंगाचे डबे रचलेले. त्यात काळा होता, पण जहाजाचे कठडेही काळेच आहेत, तेव्हा डब्यावरून कुणाला फासावर देता येत नाही.

"अजिनाथकाका गेले ते फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण अहवाल आला ना आता."

"त्यात गाठ त्याची होती म्हटलंय. कुणी सांगितलं?"

"टेक्निकल बाब आहे, काका. मला गाठींमधलं काही कळत नाही. हे बघा, मी बूटसुद्धा बिननाडीचे घेतो."

"घरी माग वगैरे?"

"करकंबला? ऊस आणि ऊस."

"उद्घाटनाच्या फ्लेक्सवर दोराची रेघ येत होती म्हणे."

त्याच्या हातातला पेन थांबला. "कोण म्हणतं?"

"लोक हसले म्हणे."

"लोकांना काय, हसायला निमित्त लागतं."

मी उठलो. सूत तुटलं. कागद त्याच्या टेबलावर पसरले, सगळ्यात वर अजिनाथचे तीन अर्ज. त्याने ते पटपट गोळा केले, कडा ठोकून सरळ केले. संस्कारी मुलगा. सुताची दोन टोकं डाव्या अंगठ्याखाली धरली. माझ्याकडे बघत, मला काहीतरी सांगत, त्याने उजव्या हाताने एक वळसा टाकला. गाठ कधी बसली ते मलासुद्धा नीट दिसलं नाही. मग मान खाली घालून त्याने दोन्ही शेपट्या दातांनी तोडल्या.

सुताचे दोन बारीक कण टेबलावर पडले. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मीही.

"शिवराज," मी म्हणालो, "कुणाच्या मागावर शिकलास?"

६

"मामाच्या," तो ते कण बोटाने टिपत म्हणाला. "शिकायला सोलापुरात होतो. सकाळी कॉलेज, दुपारी मामाच्या यंत्रमागावर. चार वर्षं."

"मग लपवलंस कशाला?"

"गाठ सुटली म्हणून अहवालात वाचलं, तेव्हापासून लपवतोय."

त्याने दार लावून घेतलं आणि सांगितलं. 

सोमवारी फ्लेक्स लावून पाहिल्यावर त्याने फोटो तुमच्या कचेरीला पाठवला. लगेच फोन आला: चेहऱ्यावर दोर येतोय, काढा. तो म्हणाला, दोर विणून पक्का केलाय, मला उकलता येणार नाही, अजिनाथकाकांना बोलावतो. फोनवरचं उत्तर त्याला शब्दन् शब्द पाठ आहे. 'त्याला पास नाही. कापा. नंतर जोडा.'

फ्लेक्स कापायची कात्री हाताशी होती. चार-पाचदा चावावी लागली.

"बुधवारी फ्लेक्स उतरवल्यावर मीच वर चढलो," शिवराज म्हणाला. "दुसऱ्या कुणाला चढवलं नाही. नीट जोडला, काका. लोंबकळून बघितला. गबाळं दिसू नये म्हणून शेपट्या कापल्या, रंग लावला. ही गाठ माझ्या हातून कधी सुटलेली नाही. मामा सगळ्यांना दाखवायचा, पोराची गाठ बघा म्हणून."

"अजिनाथला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. गुरुवारी मी दहाला येतो." त्याने पेन खाली ठेवला. "ते नऊलाच चढले."

मी त्याला माफ केलं नाही. तो अधिकार माझा नाही. त्याला घेऊन केराबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. वैष्णवी भिंतीकडे तोंड करून उभी होती. शिवराज केराबाईंच्या पाया पडायला वाकला, तसे त्यांनी पाय मागे घेतले.

"गाठ बरी आली तुला," त्या म्हणाल्या. "पर इचारायचं कुणाला हुतं रं? वर चढणाऱ्याला, का फोनवाल्याला?"

त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली.

"लिव," केराबाई म्हणाल्या. "माझ्या म्होरं बसून लिव."

तो बसला. तीन पानं लिहिली. फोटो कधी पाठवला, फोन कधी आला, कात्री कुठली, रंग कुठला, गाठ कोणती, शेपटी किती. खाली सही केली, तारीख घातली. मी, ईरप्पा आणि भारत साक्षीला आहोत. भारतने सही करताना दोनदा दाराकडे पाहिलं, पण केली. फक्त एका ठिकाणी शिवराजचा पेन अडला. '_______ यांनी मला फोनवर दोर कापण्यास सांगितले.' तिथलं नाव त्याने लिहिलं नाही. म्हणाला, "काका, माझ्या वाटणीचं मी सगळं लिहिलंय. ते नाव लिहिलं तर मी उद्यापासून कुठे उभा राहू?"

मला ते नाव माहीत आहे. वैष्णवीलाही. पण आम्ही ते भरणार नाही. दुसऱ्याने केलेल्या कामाखाली तिसऱ्याचं नाव घालायची रीत तुमची आहे, आमची नव्हे.

दोराचा तुकडा केराबाईंच्या घरी खुंटीला टांगलाय. पुरावा म्हणून उचलून न्यायचा विचार असेल, तर माणूस पाठवू नका. स्वतः या, त्यांच्यासमोर खाली बसा आणि हातात घेऊन बघा. तो बाक, ती अंगठाभर शेपटी, तो काळा रंग. मग दुसऱ्या पानावरची खालून चौथी ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

वाचवत नसेल, तर ती खोडा.

आणि खोडायच्या आधी एवढंच सांगा. शिवराजच्या कागदावरची ती जागा अजून कोरी आहे. तिथे कुणाचं नाव लिहायचं?

बोला.